राजाच्या हातातला घुमट

द्राक्षांना आशीर्वाद देण्याचा दिवस

आज पहिल्यांदाच स्वतःसाठी लिहितो आहे. नकाशे काढून उरलेले कागद पडले होते, शाई मठातल्या लेखनिकांकडून मागून आणली. माझी बायको वानेनी होती तोवर दिवसभराची सगळी चरफड मी तिच्यापुढे ओकायचो आणि ती भाकरी थापता थापता हं हं करायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. चरफड काही तिच्याबरोबर गेली नाही.

आज राजाची स्वारी आली होती. आधी मळ्यातली द्राक्षं खाल्ली, मग चर्च पाहिलं. चार खांब आणि चार कमानी उभ्या आहेत, वर अजून आभाळ. खालच्या खोऱ्यात त्याच्या चुलत भावाचंही चर्च चाललं आहे आणि तिथेही चार कमानी झाल्या, ही बातमी कुणीतरी त्याच्या कानावर घातली आहे. तेव्हापासून म्हणे त्याचं जेवणावरचं मन उडालं आहे. मला म्हणाला, "मिस्त्री, त्याच्या घुमटाआधी माझा व्हायला हवा. येत्या ईस्टरला." आणि पूर्वेच्या भिंतीवर त्याची प्रतिमा हवी, दोन्ही हातांत चर्च धरून ते देवाला देताना. सगळ्या राजांची असते तशीच, पण चुलत भावाच्या प्रतिमेहून हातभर मोठी.

मग विचारलं, "तुला काय हवं?"

माझं ठरलेलं होतं. भिंतीवर ज्याचं दान कोरलेलं असेल त्याच्याच नावाने मठ दरवर्षी मिस्सा, म्हणजे आत्म्याच्या शांतीसाठीची प्रार्थना, म्हणतो. सरदारांच्या आज्या-पणज्यांची नावं मी आयुष्यभर कोरत आलो. गवंड्याच्या बायकोचं नाव कोण कोरणार? वानेनी गेली तेव्हा बर्फाने रस्ता बंद होता, धर्मगुरू पोचला नाही, आणि मी दोन दिवसांच्या वाटेवर एका सरदाराचा जिना बांधत होतो. ती पवित्र भाकर तोंडात न पडता गेली. तिचं पुढे काय झालं असेल, हे मनातून जात नाही. मी राजाला तेवढंच मागितलं, तिच्या नावाने वर्षाला एक मिस्सा.

"घुमट उभा कर," राजा म्हणाला. "मिस्सा तुझी. भिंतीवर कोरून." शेजारी मठाधिपती उभे होते, त्यांनीही मान हलवली. मी राजाच्या झग्याचं टोक ओठांना लावलं.

नऊ दिवसांनी

राजाची प्रतिमा कोरतो आहे. डोक्यावर खलिफाने पाठवलेला फेटा. त्याच्या घड्या नीट दिसल्या पाहिजेत असा निरोप तीनदा आला. चेहऱ्याबद्दल एकदाही नाही.

हातातलं चर्च मला फार सुरेख उतरलं आहे. माझ्या नकाशात घुमटाखालचा गळा, म्हणजे घुमट ज्यावर बसतो ती गोल भिंत, नऊ थरांचा आहे. हातातल्या चर्चला मी तो किंचित उंच धरला, कारण लहान आकारात नऊ थर बसके दिसतात. कारण एवढंच.

दुपारी वासाक परांचीवर चढून आला. वासाक माझा जावई. या कामावर चुन्याची भट्टी, चुना विरवणं, मळणं सगळं त्याच्याकडे आहे. हात कोपरापर्यंत पांढरे, डोळे कायम लाल. भट्टीवरचा माणूस जावई म्हणून मला पसंत नव्हता, वानेनीने हट्ट धरून आमची गोहार त्याला दिली. माणूस कामाचा आहे, फक्त तोंडाला झाकण नाही.

"मामा, हे आपलं चर्च नाही," तो म्हणाला.

"का?"

"आपल्याला एवढी मान कुठाय? हे बारा थर होतात, मोजा हवं तर."

"अरे, हे नुसतं दाखवायचं आहे. वर थोडंच असं होणार."

"मग जे होणार तेच का नाही कोरलंत?"

मी त्याला भट्टी बघ म्हटलं. भट्टी तापवणारा मला नक्षी शिकवणार.

क्रुसाचा सण

आज घोळ झाला. कुणामुळे झाला ते इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या माथी मारता येणार नाही.

बिशप एका दिवसापुरते आले होते. राजाने सकाळीच हुकूम सोडला की बिशप आहेत तर प्रतिमेला आजच पवित्र तेल लावून घ्या. हातातल्या घुमटाचे वरचे तीन थर नंतर छिलून नकाशाबरहुकूम करायचे असं माझ्या मनात होतं. होतंच. पण बिशप तेलाची कुपी उघडून उभे असताना मध्येच कसं म्हणणार की थांबा, राजाच्या हातातलं चर्च खोटं आहे? तेल लागलं, स्तोत्र झालं, लोकांनी पुढे येऊन दगडाला ओठ लावले.

मग राजा मागे सरकून बराच वेळ बघत राहिला. "मिस्त्री, घुमट देखणा काढलास. वर असाच होणार ना?"

"महाराज, हातातला जरा उंच आहे. वरचा तीन थर कमी."

"म्हणजे मी देवाला दाखवायचा एक आणि द्यायचा दुसरा?"

सरदार हसले. राजा हसला नाही.

"छिलता येईल, महाराज. तासाभराचं काम."

बिशप माझ्याकडे वळले. "तेल लागलेल्या दगडाला लोखंड लावणार? अक्षरं शिकलेला माणूस ना तू?" ते बरोबरच होतं. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. तेल लागलं की दगड देवाचा झाला, त्यावर छन्नी चालत नाही.

"मग वरचा उंच कर," राजा म्हणाला. "त्यात काय एवढं?"

मी मान डोलावली. घरी येऊन नकाशावर बारा थर काढून पाहिले. देखणा दिसतो. नऊ थरांपेक्षा कितीतरी देखणा.

त्यानंतर चार दिवसांनी

वासाकशी भांडण झालं, सगळ्या कामगारांदेखत.

दरवर्षी क्रुसाचा सण झाला की आम्ही भिंतींच्या माथ्यावर गवत आणि शेण थापतो, आशीर्वादाचं मीठ चारून मेंढा कापतो, सगळे एका कढईतून खातो आणि ईस्टरपर्यंत घरी जातो. कारण घडीव दगडाच्या दोन पदरांमध्ये आम्ही खडी आणि चुना भरतो, आणि भिंत उभी राहते ती त्या चुन्याच्या जिवावर. ओल्या चुन्याला हिव लागलं की तो धरत नाही. यंदा मेंढा कापायचा नाही, काम चालू ठेवायचं, असं मी सांगितलं. मी म्हणजे राजाने.

"कुणी सांगितलं?" वासाक म्हणाला.

"राजाने."

"राजाने चुना विरवलाय कधी? तुम्ही विरवलाय. तुम्ही नाही म्हणायचं."

"परांचीवर शेकोट्या पेटवू. पाणी तापवून घालू."

"शेकोटीने बाहेरचा पदर शेकेल. पोटातल्या चुन्याचं काय? आणि तीन थर जास्तीचे, नऊ थरांसाठी घातलेल्या खांबांवर. मामा, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर मला राग येतोय."

खाचेरेस म्हणून एक म्हातारा पाथरवट आहे, माझ्या वडलांच्या हाताखालचा. तो हसून म्हणाला, "घ्या, सासऱ्याला जावई भाजून काढतोय, भट्टी रिकामीच दिसते." सगळे हसले. मी वासाकला म्हटलं, की तुझी सासू ज्या मिस्सेची वाट बघत बसली आहे ती या घुमटावर अवलंबून आहे, ध्यानात ठेव. यावर तो गप्प झाला. वानेनीचा त्याला फार लळा होता.

मला माहीत होतं की तो गप्प होईल.

पहिलं बर्फ

गळ्याचे चार थर झाले. बोटं छन्नीला चिकटतात. वासाक चुन्याची घमेली गोधडीत गुंडाळून वर पाठवतो.

ख्रिस्तजन्माचा सण झाल्यावर

नऊ थर. दहाव्याच्या आधी मी जरा थांबलो, खाली उतरून लांबून पाहिलं. इथे थांबलो असतो तर माझा मूळचा घुमट झाला असता. खाचेरेस जवळ येऊन म्हणाला, "काय मिस्त्री, पुरे का?" मी म्हटलं, राजाला काय सांगू? तो म्हणाला, "सांग की मोजताना चुकलो. म्हाताऱ्याला माफ असतं." मी चुकलो असं मी सांगायचं? चाळीस वर्षांत माझा ओळंबा एकदाही चुकलेला नाही. दहावा थर लावायला सांगितलं.

शेकोटीवरून उड्या मारण्याचा सण

घुमट मिटला. शेवटचा दगड मी स्वतः बसवला. वरून सगळं खोरं दिसतं आणि खालच्या खोऱ्यातलं चुलत भावाचं चर्चही दिसतं. त्याच्या भिंती गवताने झाकलेल्या, एक माणूस कामावर नाही. राजाला हे कळवलं. त्याने मला लोकरीचा झगा पाठवला, काठाला लाल गोफ.

अंगणात शेकोटी पेटली होती. गोहारला सहावा महिना लागला आहे, म्हणून तिने उडी न मारता तीन फेऱ्या घातल्या. वासाकने तिच्या वाटच्याही उड्या मारल्या आणि दाढी जाळून घेतली. बायका म्हणाल्या, भट्टीवर जळली नाही ती इथे जळली. मी झगा घालून बसलो होतो. गोहार जवळ येऊन म्हणाली, "बाबा, आईचं नाव भिंतीवर कुठल्या बाजूला येणार? मला वाचता येत नाही, पण हात लावता येईल असं खाली कोरा." मी म्हटलं, दक्षिणेच्या दाराशी कोरीन, तुझ्या उंचीला.

किती दिवसांनी मला बरं वाटलं.

उपवासाचा चौथा आठवडा

बर्फ वितळायला लागलं. गळ्याला आतून एक चीर आहे, केसाएवढी. नव्या बांधकामाला अशा चिरा पडतातच.

ईस्टरआधी, वाळुंजाच्या डहाळ्यांच्या रविवारनंतरचा मंगळवार

वासाकने मला वर नेलं. सांध्यात नख घातलं आणि चुना बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पीठ होतं, कोरडं पीठ.

"आधाराच्या वाशांवर उभा आहे तो," वासाक म्हणाला. "वासे राहिले तर राहील. उन्हाळ्यात वरचे थर उतरवू, नवा चुना घालू. पण राजाला सांगा. काहीही करून वासे काढू देऊ नका."

"सांगतो."

"नक्की, मामा?"

"सांगतो म्हटलं ना."

तो बरं म्हणून खाली गेला. माझ्यावर विश्वास ठेवतो म्हणून त्याच्यावर चिडायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली.

गुरुवार

राजा आज आला, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. खुशीत होता. मठाधिपतींनी चर्चमध्ये नेलं आणि वर वाशांचं जंगल बघून तो खळखळून हसला. "हे काय, घुमट आहे की कोंबड्यांचं खुराडं? मिस्त्री, हे निघणार केव्हा?"

मी बोलणार होतो. तेवढ्यात मठाधिपती म्हणाले, "महाराज, वानेनीच्या मिस्सेचा मजकूर तयार करून ठेवला आहे. घुमट मोकळा झाला की लगेच कोरायला घेऊ." त्यांनी कागद दाखवला. तिचं नाव मी त्यांच्या सुंदर अक्षरात वाचलं.

"उद्या दुपारपर्यंत काढतो," मी म्हणालो.

उद्या सकाळी राजाला एकटा गाठून सांगेन. सगळ्यांसमोर अशी गोष्ट सांगता येत नाही. सकाळी त्याचं डोकं शांत असतं.

ईस्टरनंतर अकरावा दिवस

शुक्रवारी सकाळी राजा शिकारीला गेला होता. मी वाट बघितली. दुपार व्हायला आली तशी मठाधिपतींनी माणसं लावली, मिस्त्रींनी सांगितलं आहे असं सांगून. मी अंगणात होतो. मी थांबा म्हणालो नाही. वाटलं, चार-पाच वासे निघेपर्यंत राजा परत येईल.

वासाकला भट्टीवर कुणीतरी जाऊन सांगितलं. तो धावत आला आणि माझ्याजवळून गेला तेव्हा फक्त म्हणाला, "सांगितलं नाहीत?" उत्तरासाठी थांबला नाही. दोन माणसं घेऊन पाचरी मारायला वर चढला. त्याला वाटलं पाचरी मारून निदान संध्याकाळपर्यंत धरता येईल.

आधी चुना गळला, हळूहळू, गव्हाच्या पिठासारखा. मग सगळा गळा एका अंगाने बसला.

तिघं गेले. वासाकला आम्ही दुसऱ्या दिवशी काढला. बाकीचे दोघं लोरी प्रांताकडचे भाऊ होते, कामावर येऊन महिना झाला होता. पूर्वेची भिंत जशीच्या तशी उभी आहे. राजाच्या हातातला घुमटही.

गोहार रडली नाही. तिने त्याचे हात धुतले, कोपरापर्यंत. चुना निघत नव्हता आणि ती धूत राहिली. शेवटी बायकांनी तिला बाजूला केलं. मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही, पण ते हात मी बघू शकलो नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी

मठाधिपतींनी बोलावलं. आवाज नेहमीसारखा मऊ, समोर मध आणि अक्रोड ठेवलेले.

"राजा पुन्हा बांधणार आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या मिस्त्रीकडून. नऊ थरांचा घुमट. दक्षिणेच्या दाराशी एक लेख हवा. घुमट का पडला ते त्यात आलं पाहिजे, नाहीतर लोक काहीबाही बोलतात."

"का पडला ते तुम्हाला माहीत आहे, स्वामी."

"मला काय माहीत आहे हा प्रश्नच नाही, होव्नान. राजाने उंची मागितली असं भिंतीवर लिहिता येत नाही. तू चुकलास असं लिहिलं तर तुला कुणी नेमलं हा प्रश्न येतो. बिशपांनी तेल लावलं, त्यांचं तर नावही काढू नये. मग राहतो चुना."

"चुना चांगला होता. वासाकने..."

"असेल. पण तो आता येऊन सांगणार नाही."

त्यांनी कागद पुढे केला. राजाने हे पवित्र घर उभारलं. वासाक चुनेवाल्याच्या खोट्या चुन्याचा घुमट दयाळू राजाने पुन्हा उभारायला घेतला. होव्नान मिस्त्रीने सेवा केली म्हणून त्याची पत्नी वानेनी हिच्यासाठी वर्दावारच्या सणाला दरवर्षी एक मिस्सा. हा लेख जो पुसेल त्याला जुन्या धर्मसभेतल्या तीनशे अठरा पूज्य धर्मपित्यांचा शाप.

"मी कोरलं नाही तर?"

"तर दुसरा कुणी कोरेल. मजकूर हाच राहील, फक्त वानेनीची ओळ राहणार नाही." मग त्यांनी अक्रोड माझ्याकडे सरकवले.

माझं नाव घाला, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. पण ज्याच्या हातून चर्च पडलं त्याच्या बायकोची मिस्सा कुठला मठ म्हणेल?

वर मठात स्वर्गारोहणाचा सण, खाली गावात बाजार

आठ दिवस कोरतो आहे. खूप विचार केला. वासाक गेला, तो देवापुढे आहे, तिथे खरं काय ते ठाऊक आहे. तिथे चुन्याचा हिशेब भिंतीवरून होत नाही. या लेखाने त्याचं काही बिघडत नाही. वानेनीचं मात्र मिस्सेवाचून बिघडतं. हे साधं आहे. शिवाय गोहारला वाचता येत नाही. गावात तरी किती जणांना येतं, मठ सोडला तर तीन, चार.

खाचेरेसने दगड साफ करून दिला. अक्षरं त्याला येत नाहीत, पण "वासाक" हे नाव त्याने माझ्या हाताखाली इतक्यांदा पाहिलं आहे, चुन्याच्या पिंपांवर, की त्याने ते ओळखलं. विचारलं, "त्याचं काय लिहिताय?" मी सांगितलं. खोटं नाही सांगितलं, त्याला सगळं सांगितलं. तो हातोडा ठेवून निघून गेला. तेव्हापासून माझ्यासमोर बसून भाकरी खात नाही.

गोहारला मुलगी झाली, एक आठवडा झाला. नाव वानेनी ठेवलं.

वर्दावार

बाहेर सणाचं म्हणून सगळं गाव एकमेकांवर पाणी फेकत होतं. मीही भिजून आत आलो.

मिस्सा जुन्या लहान चर्चमध्ये झाली, कारण मोठ्याला छप्पर नाही. "होव्नानची पत्नी वानेनी हिच्या आत्म्याला शांती," हे शब्द मठाधिपतींनी मोठ्याने म्हटले. त्यासाठीच हे सगळं. मी वाट बघत होतो की छातीवरचा दगड उतरेल. कुठे तरी जरा हलला. मी रडलो, लोकांना वाटलं आनंदाने.

मग बिशपांच्या माणसाने दक्षिणेच्या दाराशी जाऊन लेखाला तेल लावलं. गोहार बाळाला घेऊन आली होती, चाळीस दिवस पुरे झालेले. म्हणाली, "बाबा, आई कुठे आहे यात?" मी तिचं बोट धरून शेवटून दुसऱ्या ओळीवर ठेवलं. तिने बाळाचे ओठ तिथे टेकवले.

"आणि हे काय काय आहे? खूप लिहिलंय."

"राजाचं आहे."

"वासाकचं नाही काहीच? एवढं सगळं लिहिलंत, त्याचं नाव तरी घालायचं होतं."

मला काय झालं ठाऊक नाही. मी म्हणालो, "आहे की. दुसऱ्या ओळीत." आणि बोट तिथे नेलं. "वासाकच्या चुन्याने हे घर उभं राहिलं, असं लिहिलं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. तो गेल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. मग तिने त्या ओळीवर कपाळ टेकलं, ओठ टेकले, बाळाचे टेकवले. मागे मठातले दोन लेखनिक उभे होते. त्यांनी आधी लेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आपापल्या जोड्यांकडे.

"तुम्ही चांगलं केलंत, बाबा," गोहार म्हणाली. "मी तुमच्याबद्दल वाईटसाईट मनात आणत होते."

एका महिन्याने

ती दर रविवारी जाते. मिस्सा सुटली की सगळ्यांदेखत त्या ओळीला ओठ लावते. आता शेजारच्या दोन म्हाताऱ्याही तिचं बघून लावतात. लेखनिक तोवर बाहेर पडत नाहीत. दगड छिलावा असं मनात येतं, पण त्याला तेल लागलं आहे आणि शाप मीच कोरला आहे.

कुणीतरी तिला सांगावं असं वाटतं. कुणी सांगू नये असंही वाटतं. मला सांगता येत नाही, हे मात्र पक्कं.

डाळिंबं उतरायला लागली

आज गोहार म्हणाली, "बाबा, मला अक्षरं शिकवा."

"या वयात? कशाला?"

"मोठी झाली की ही विचारेल, बापाचं काय लिहिलंय. तेव्हा लेखनिकांच्या पाया पडू का? मी स्वतः वाचून दाखवीन तिला."

मी म्हणालो, बायकांना ते जमत नाही, डोकं दुखतं. ती म्हणाली, माझं दुखून दुखून झालंय. मग मी म्हटलं, छत्तीस अक्षरं आहेत, वर्ष लागेल. ती म्हणाली, लागू दे. मी पाटी काढली. तिच्या नवऱ्याच्या नावातली अक्षरं आधी द्या म्हणाली. आमच्या लिपीत ती चार, ती दिली.

त्यानंतर दहा दिवसांनी

गोहार आज एकटी दाराशी गेली आणि परत येऊन म्हणाली, "सापडलं. तुम्ही दाखवलंत तिथेच आहे." किती खूश होती. तिच्या आईला एवढं खूश मी आमच्या लग्नात पाहिलं होतं.

तिला वर्ष लागणार नाही.

जन्माच्या सणाच्या आधीचा आठवडा

भरभर शिकते आहे. सगळी अक्षरं दिली, एक सोडून. ते लेखातल्या एकाच शब्दात आहे, वासाकच्या नावापुढे, चुन्याच्या आधी. ते मी शेवटी ठेवलं. अवघड आहे, नीट गिरवता येत नाही, असं सांगत आलो. मध्ये आठ दिवस आजारी पडल्याचं सोंग केलं, तर ती माझ्या उशाशी बसून लवाशाच्या पातळ रोट्या लाटायच्या पाटावर पिठात अक्षरं गिरवत राहिली.

आज बाळ मांडीवर घेऊन म्हणाली, "बाबा, तुमची ओळ मला जवळजवळ येते. वासाक लागतो, चुनेवाला लागतो, घुमट लागतो. मधला एक शब्द तेवढा अडतो, एका अक्षरावर. ते द्या ना आता. का टाळताय?"

मी म्हटलं, टाळत नाही.

"मग उद्या?"

हो म्हणालो. पाटी पुसून ठेवली आहे.